तिसरी ओळ

चर्चमध्ये पाय टाकला की सोजराबाई आधी क्रुसाकडे बघत नसे, पाटीकडे बघे. भल्या ख्रिस्ती बाईला हे शोभत नाही हे तिला कळत होतं, पण अकरा महिन्यांची सवय काही केल्या सुटत नव्हती. दाराच्या उजव्या हाताला ती लाकडी पाटी, काळा रंग दिलेली, मधोमध खिळ्याने ओढलेली एक आडवी रेघ. रेघेच्या खाली त्या रविवारच्या गीतांचे आकडे आणि उपदेशाचा विषय. रेघेच्या वर नावं. ज्याच्यासाठी सगळ्या मंडळीने प्रार्थना करायची, त्याचं नाव. पौषातल्या त्या गार सकाळी तिने बघितलं तर पहिली ओळ होती, दुसरी होती, चौथी होती. तिसरी नव्हती. तिथे नुसती पाटी होती, आणि तेवढा तुकडा बाकीच्या पाटीपेक्षा जरा जास्तच काळा होता. सोजराबाई दारातच उभी राहिली. मागून आलेल्या पार्वतम्माने पाठीला हलकेच हात लावून तिला आत ढकललं, तेव्हा कुठे ती बायकांच्या बाजूला जाऊन सतरंजीवर टेकली.

तिला वाचता येत नव्हतं. पण ती चार अक्षरं तिने हजारांत ओळखली असती. देवदान. एकुलता एक लेक, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेला, म्हणून पाळकांनी ते नाव दिलेलं. घरात मात्र तो दानू. तो लढाईवर गेला, गेल्या साली रंगूनहून त्याचं शेवटचं पत्र आलं आणि मग आलं नाही, तेव्हा तिने आणि मायाप्पाने मिळून पाळकसाहेबांना सांगितलं होतं, नाव लिहा. लिहायचं पाळकांनी, हा रिवाज होता. पुसायचं मात्र ज्याने लिहायला सांगितलं त्याने, स्वतःच्या हाताने. ताप उतरला की मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची आणि पुसायचं. बाळंतीण सुटली की पुसायचं. आणि माणूस मातीला गेलं तर घरच्यांनी काही न बोलता पुसायचं, मग बाकीच्यांनी समजून घ्यायचं. दुसऱ्या कुणी त्या नावाला बोटसुद्धा लावायचं नाही. पार्वतम्माचा नवरा विषमज्वराने दोन महिने अंथरुणाला खिळला होता तेव्हा पाऊस गळून त्याचं अर्धं नाव वाहून गेलं, तरी कुणी हात लावला नव्हता. तो उठला, लटपटत आला, आणि उरलेलं अर्धं त्याने स्वतः पुसलं. मंडळी रडली होती. सोजराबाईही रडली होती, आणि रडता रडता तिच्या मनात आलं होतं, ह्याच्या आधी माझ्या लेकाचं नाव लिहिलंय. चांगली बाई असा विचार करत नाही. पण तिने केला होता.

पहिलं गीत सुरू झालं. ती ओठ हलवत होती. तळहातांना खाज सुटली होती, कुणी कुसळं चोळल्यासारखी. आपण पुसलं नाही. मग राहिला एकच. दोघांनी मिळून सांगितलं होतं, दोघांपैकी एकानेच पुसलं असणार. मायाप्पा श्रावणापासून चर्चला फिरकला नव्हता. स्टेशनात सांधेवाल्याचं काम, रूळ बदलायचं. पूर्वी तो साहेबाच्या पाया पडून रविवार मोकळा ठेवायचा, हल्ली मागून रविवारची पाळी घ्यायचा. घरी आला की भाकरी खायची, विडी ओढायची, भिंतीकडे तोंड करून पडायचं. प्रार्थनेला बस म्हटलं तर बसे, पण आमेनसुद्धा तिलाच म्हणावं लागे. आणि परवाच, भाकरी मोडता मोडता, तो म्हणाला होता, "किती दिस ऱ्हाणार ते नाव तितं?" एवढंच. तिने तव्यावरून मान वर केली नव्हती. आता तिला वाटलं, वर करायला पाहिजे होती. माणूस काय म्हणतो ते त्याच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय कळत नाही.

पाळक काशप्पा उपासना चालवत होते. भला माणूस, बिदरकडचा, अर्धं कानडीत बोलायचा, अर्धं मराठीत, आणि रडायला आलं की दोन्ही भाषा एकमेकींत मिसळायच्या. प्रार्थनेच्या वेळी ते पाटीकडे वळून एकेक नाव वाचायचे. पहिलं वाचलं. दुसरं वाचलं. मग थांबले. सोजराबाईने डोळे मिटलेले असायला हवे होते, पण तिचे उघडे होते. आणि तिला दिसलं की सगळ्या मंडळीचे उघडे आहेत, सगळे तिच्याकडे बघताहेत, कुणी रागाने नाही, फार मायेने. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, बंधुभगिनींनो, मायाप्पा आणि सोजराबाई ह्यांनी प्रभूची इच्छा मान्य केली आहे असं दिसतं. हे सोपं नाही. तर पुढच्या रविवारी आपल्या देवदानसाठी स्मरणाची उपासना धरू. सोजराबाईला उठून बोलायचं होतं. नाही म्हणायला एवढासा शब्द लागतो, तोसुद्धा निघेना. पाळक चौथं नाव वाचू लागले, आणि ती बसून राहिली, आणि बसून राहणं म्हणजे हो म्हणणंच झालं.

उपासना सुटल्यावर बायकांनी तिचे हात हातात घेतले. पार्वतम्मा म्हणाली, "चांगलं केलाव अक्का. जीव किती दिस टांगून ठिवायचा." हे तिने इतक्या समजुतीने म्हटलं की सोजराबाईला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. मान हलवली, पदर डोक्यावर ओढला आणि घरच्या वाटेला न लागता ती स्टेशनकडे चालू लागली.

रविवार असला तरी गुलबर्ग्याचा बाजार भरात होता. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. रविवार फक्त साहेबांचा आणि ख्रिस्ती माणसांचा. नवी तूर आली होती. आळंदकडून, अफझलपूरकडून आलेल्या बैलगाड्या मोंढ्याच्या तोंडाशी गच्च दाटलेल्या, डाळीच्या भुशाने हवा पिवळी झालेली, माणसं एकसारखी शिंकत होती. रॉकेलच्या दुकानापुढे बाटल्यांची रांग होती. माणसं सावलीत बसलेली आणि त्यांच्या जागी त्यांच्या बाटल्या उन्हात उभ्या. ती वाट काढत चालली होती आणि मनातल्या मनात नवऱ्याशी भांडत होती. तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मला इचारलाव? त्याचा बाप झालाव म्हणून तुमीच का? भांडण जुळवताना तिचं पाऊल झपझप पडत होतं, आणि उत्तर सुचलं नाही की मंदावत होतं. एका गाडीच्या दांडीला तिचा खांदा थडकला. गाडीवान तिच्याच भागातला निघाला, मादन हिप्परग्याचा, ओळख सांगायला लागला. ती थांबली नाही. हिप्परगा सोडून तिला बावीस वर्षं झाली होती.

हिप्परग्याला असताना, बाप्तिस्म्याच्या आधी, तिची सासू देवीला नवस बोलायची. नवसाला मुदत असायची. अमक्या जत्रेपर्यंत कर, मी तमकं करीन. देवीने केलं तर फेडायचं. नाही केलं तर सासू सरळ देवळाच्या पायरीशी, लांबूनच, कारण आत त्यांना कुणी घेत नसे, कंबरेवर हात ठेवून देवीला शिव्या घालायची, आणि घरी येऊन पोटभर जेवायची. व्यवहार संपला. ख्रिस्ती झाल्यावर हे सगळं गेलं, ते बरंच झालं, सोजराबाईला त्याची खंत नव्हती. चर्चमध्ये तिला पहिल्या रांगेत बसता आलं, लेकाला शाळा मिळाली, मिशनच्या दवाखान्यात तो मलमपट्टी करायला शिकला. पण प्रार्थनेला मुदत नव्हती, ही एक गोष्ट तिला कधी अंगवळणी पडली नाही. मागत राहा, पाळक म्हणायचे, खचू नका. ती विधवा आठवा, त्या निर्दय न्यायाधीशाच्या दारात रोज उभी राहणारी. शेवटी तोच कंटाळला आणि त्याने न्याय दिला. सोजराबाई ती गोष्ट ऐकताना दर वेळी त्या विधवेच्या पायांचा विचार करायची. रोज जायची म्हणजे किती कोस जायची? वाटेत कुणी हसायचं का? आणि एखाद्या दिवशी गेलीच नाही, भाकरी थापता थापता तिच्या लक्षातूनच गेलं, तर? त्याबद्दल शास्त्रात काही नव्हतं.

कारण तिचं तसं झालं होतं. सुरुवातीला ती रडून मागायची, पदर भिजेस्तोवर. मग रडणं आटलं, शब्द राहिले. मग शब्दही गुळगुळीत झाले. "प्रभू, माझ्या लेकराला सांभाळ" म्हणता म्हणता तिच्या मनात ज्वारी निवडायची राहिल्याचं यायचं, आणि आमेन म्हटल्यावर आठवायचं नाही की मधलं म्हटलं की गाळलं. आषाढात सरकारी पाकीट आलं, इंग्रजीत; पाळकसाहेबांनी वाचून सांगितलं, बेपत्ता. तेव्हापासून एक वेगळीच धास्ती बसली. आपण एक दिवस चुकलो तर तो त्या दिवशी मरेल. जणू तिकडे कुठल्या तरी रानात तो चिखलात पडलाय आणि तिच्या प्रार्थनेची दोरी धरूनच तेवढा वर आहे. मग ती न चुकता मागायची, पण ते मागणं नव्हतं, पहारा होता. आणि कार्तिकात एका मंगळवारी तिला ताप भरला, ती दिवसभर ग्लानीत पडली, आणि प्रार्थना झाली नाही. बुधवारी दुसरं पाकीट आलं. मेला असावा असं धरण्यात आलं आहे. तिने पाळकांना विचारलं होतं, कुणी धरलंय? ते म्हणाले, सरकारने. सरकारने त्याला बघितलंय का? पाळकांनी पाकिटाची घडी घातली होती. मंगळवारचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मायाप्पालाही नाही, देवालाही नाही, म्हणजे त्याला सांगण्यासारखं त्यात नवीन काही नव्हतंच.

स्टेशनात ती मागच्या अंगाने शिरली, जिथे मालाचा काटा असतो. मद्रासकडून येणारी मेल नुकतीच लागत होती. मायाप्पा कुठे असेल ते तिला ठाऊक होतं. सांध्याजवळच्या लोखंडी खोक्यावर, भिंतीकडे बघावं तसा रुळांकडे बघत. तो तिथे नव्हता. तो फलाटावर होता. काखेत हिरवा झेंडा, डोक्याला फडकं, आणि चालत्या गाडीबरोबर तो चालत होता, नव्हे, जवळजवळ पळत होता, हा पंचावन्न वर्षांचा गुडघ्यांनी कुरकुरणारा माणूस. गाडी थांबली. मागे लष्करी लोकांचे दोन डबे होते. तो पहिल्या खिडकीशी गेला. सोजराबाई पोत्यांच्या थप्पीआड थांबली. भांडायला आलेलं माणूस चटकन पुढे होतं, पण तिचे पाय तिथेच राहिले. घरात दिवसाला तीन वाक्यं बोलायचीही मारामार असलेला नवरा इथे बोलत होता, तेही मुसलमानीत, मोठ्याने, गाडीच्या वाफेवर आवाज चढवून.

"जवान, बर्मा से आए क्या? देवदान मायाप्पा. दवाखाने की पलटन. सीधी भंव पे निशान है. देखे क्या?"

खिडकीतल्याने मान हलवली. मायाप्पाने कपाळाला हात लावला, अच्छा म्हणाला, पुढच्या खिडकीशी गेला. पुन्हा तेच, तेवढेच शब्द, त्याच क्रमाने. जवान, बर्मा से आए क्या? एक पोरगेलासा शिपाई हसला आणि शेजाऱ्याला कोपर मारून काहीतरी म्हणाला. मायाप्पा तिथेही कपाळाला हात लावून अच्छा म्हणाला. एकाच्या हाताला पट्टी बांधलेली होती. त्याच्यापुढे तो जरा जास्त वेळ उभा राहिला, पट्टीकडे बघत. काट्याजवळ चहाची किटली घेऊन बसलेला म्हातारा सोजराबाईला म्हणाला की तो सांधेवाला रोजचाच आहे, आषाढापासून एक गाडी चुकवली नाही. पाळी नसली तरी येतो. आम्ही पहिल्यांदा हसायचो, आता कुणी हसत नाही. मग त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि किटलीकडे वळला. सोजराबाईला आठवलं, पाळी नसेल त्या दिवशी मायाप्पा जेवल्यावर चपला घालायचा. कुठं निघालाव म्हटलं तर म्हणायचा, पाय मोकळे करायला. ती मनात म्हणायची, माझ्याबरोबर गुडघे टेकायला नकोत, म्हणून पाय मोकळे. सहा महिने ती हे म्हणत आली होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ रागही आला, मला सांगितलं का नाही म्हणून.

शिट्टी झाली. शेवटची खिडकी झाली नव्हती; गाडी हलली तसा तो तिच्याबरोबर चालू लागला, विचारू लागला, आणि आतून कुणीतरी नहीं चाचा म्हणालं. तो फलाटाच्या टोकाला थांबला. गाडी निघून गेली तरी त्याचा हात कपाळालाच होता. "अच्छा," तो त्या रिकाम्या रुळांना म्हणाला, "कल फिर पूछूंगा." मग वळला तर समोर सोजराबाई.

तो दचकला नाही. फडकं काढून तोंड पुसलं, एवढंच. तिने जुळवून आणलेलं भांडण सगळं विस्कटलं होतं, उरला होता एक प्रश्न, तोही आता विचारावासा वाटत नव्हता. पण पुढच्या रविवारची स्मरणोपासना डोक्यावर होती.

"अवो," ती म्हणाली, "पाटीवरचं नाव तुमी पुसलाव काय?"

"कोणतं नाव?" तो म्हणाला, आणि मग त्याला कळलं. तो बाकावर बसला नाही, फलाटाच्या कडेला खालीच बसला, पाय रुळांकडे सोडून. "पुसलं?" त्याने विचारलं. "कुणी पुसलं गं?"

आणि त्याच्या तोंडाकडे बघताना सोजराबाईला काल दुपार दिसली. शनिवारी चर्च झाडायचं काम तिचं. जमीन सारवायची, बाकं पुसायची, आणि ओल्या फडक्याने पाटीचा रेघेखालचा भाग कोरा करायचा, म्हणजे पाळकसाहेबांना नवे आकडे लिहिता येतात. काल तिने आकडे पुसले. विषय पुसला. फडकं गार होतं, हाताला बरं वाटत होतं. बाहेर कुणाचं तरी शेरडू ओरडत होतं आणि ती कशाचाच विचार करत नव्हती, फार दिवसांनी कशाचाच करत नव्हती. आणि हात रेघेवर थांबला नाही. तो वर गेला, नेमका, वेडावाकडा नव्हे, पहिल्या ओळीला लागला नाही, दुसरीला नाही, चौथीला नाही. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मग ती बादलीशी आली, फडकं पिळलं, आणि पाणी पांढुरकं झालेलं बघितलं. त्या वेळी तिला काय वाटलं होतं? हलकं वाटलं होतं. डोक्यावरची घागर उतरवल्यावर मान कशी आपोआप वर येते, तसं. घरी जाऊन तिने आंबाडीची भाजी केली होती आणि चवीने खाल्ली होती. आणि झोपली होती, मेल्यासारखी. मंगळवारनंतर पहिल्यांदा.

"मीच," ती म्हणाली. "मीच पुसलं. ह्या हातानं. आन मलाच ठावं न्हवतं. न्हाई, ठावं होतं. तुमच्यावर घालायला आले होते." मग तिने कार्तिकातल्या मंगळवारचंही सांगून टाकलं, एका दमात, तापाचं, ग्लानीचं, दुसऱ्या दिवशीच्या पाकिटाचं, आणि पार्वतम्मा, पाळकसाहेब, पुढचा रविवार, सगळं एकात एक. मायाप्पा ऐकत होता. तो चिडेल असं तिला वाटलं; चिडला असता तर बरं झालं असतं. लांबवर मालगाडीचा धूर दिसत होता, आता त्याला सांध्याकडे जावं लागणार होतं.

"दमली असशील," तो म्हणाला. "मी बी दमतो. परवा वाटलं, जाऊ दे, ही गाडी न्हाई बघायची. बसून ऱ्हायलो खोक्यावर. पर गाडी आली की. आली म्हणल्यावर उठावंच लागतंय." तो हाताने फलाट दाबून उठला, गुडघा कडकन वाजला. "परवा तुला इचारलो ना, किती दिस ऱ्हाणार ते नाव तितं. खडू उडायलाय, फिक्कं पडलंय, असं चर्चातल्या सुमनबाईच्या मालकानं सांगितला म्हणून इचारलो. पुन्यांदा गिरवून घी म्हणणार होतो. तू मान वर केली न्हाईस." झेंडा काखेत धरून तो निघाला आणि चार पावलांवर थांबला. "जा. लिही."

"पाळकसायबाला सांगते लिहायला."

"पाळकसायबाला कामून? दानूनं शिकवलाय की तुला."

शिकवलं होतं. पलटणीत जायच्या आधीच्या आठवड्यात, चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर, कोळशाने. बंदूक न्हाई धरणार अव्वा, पट्ट्याच बांधणार, भिऊ नको, असं म्हणत त्याने तिचा हात आपल्या हातात धरून ती चार अक्षरं काढून घेतली होती, पत्राच्या पाकिटावरचं नाव तुला ओळखू यावं म्हणून. तिचा दे पालथा पडायचा. तो हसायचा, आणि हसताना उजव्या भुवईवरचा तो पांढरा व्रण वर जायचा. हिप्परग्याला शेरडांच्या कुडात पडला होता तेव्हाचा, तिने हळद दाबून धरलेली, रक्त मनगटापर्यंत आलेलं. दुसऱ्या दिवशी तिने त्या जमिनीवर सारवण घातलं, अक्षरं गेली. तेव्हाही तिने हातानेच पुसलं होतं, पण तेव्हा ते नुसतं सारवण होतं.

चर्चची किल्ली तिच्या कनवटीला असायची. दार उघडलं तेव्हा दुपारचं ऊन पाटीवर तिरपं पडलं होतं. रेघेच्या वर तिसरी ओळ तशीच कोरी होती. रेघेच्या खाली मात्र पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सकाळचे आकडे पुसून नवं काहीतरी लिहून ठेवलं होतं, एक लांबलचक ओळ. तिला वाचता आलं नाही. पण त्या ओळीच्या शेवटी चार अक्षरं होती आणि ती तिला वाचता आली. देवदान. रेघेच्या खाली. जिथलं दर शनिवारी ती पुसते. मग तिने कोपऱ्यातल्या माठातून पदराचं टोक भिजवलं आणि ती ओळ पुसली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश. ह्या वेळी हात काय करतोय ते तिला पुरतं ठाऊक होतं.

खडू घेतला. दे काढला, पालथा पडला. पुसून पुन्हा काढला. व चांगला आला. दा काढताना खडू मोडला, तुकडा बाकाखाली गेला, तो गुडघ्यांवर बसून शोधावा लागला. न पर्यंत येता येता ओळ खाली उतरली होती आणि चौथ्या ओळीतल्या नावाला जवळजवळ टेकली होती. पाळकसाहेबांच्या रेखीव अक्षरांमध्ये ते नाव गावंढळ दिसत होतं, पण ठळक दिसत होतं. दोन पावलं मागे जाऊन तिने खात्री केली. मागे गेली तर दारात काशप्पा उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"सोजराबाई," ते म्हणाले, "पुढच्या रविवारचं..."

"ते मी पुसलं, पाळकसायब. आन वरचं नाव बी काल मीच पुसलं होतं. साक्ष द्यायला पायजे तर देते, समद्यासमोर. लेकरू मेलं म्हणून न्हाई पुसलं. मला मागून मागून कट्टाळा आला होता, म्हणून पुसलं."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सरकारी पाकिटाचं काहीतरी त्यांच्या तोंडाशी आलं होतं, ते त्यांनी गिळलं. मग अगदी हळू, कानडी वळणाच्या मराठीत, त्यांनी विचारलं, "आणि न्हाईच आला तर, अक्का?"

"तर न्हाई आला," ती म्हणाली, "पर म्या इचारायचं सोडलं न्हवतं." पाळकांनी तिच्या हातातला खडूचा तुकडा मागून घेतला आणि रेघेखाली पुढच्या रविवारचे गीतांचे आकडे लिहिले, नेहमीचेच, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

सोजराबाईने गुडघे टेकले. सांभाळ, राख, तुझी इच्छा होवो, असले सगळे जुने शब्द आले आणि तिने ते जाऊ दिले. ते हाताळून हाताळून झिजले होते. मन स्थिर नव्हतं. बाहेर मोंढ्यातली माणसं शिंकत होती, गुडघ्याखाली कालचं सारवण खरबरीत लागत होतं, आणि रक्तात भिजलेली हळद, पांढुरकं पाणी, पट्टी बांधलेला कुणाचा तरी हात, सगळं एकामागून एक खिडक्यांसारखं जात होतं. ती पुढे झाली, एका खिडकीशी थांबावं तशी, आणि मोठ्याने बोलली.

"देवदान मायाप्पा. दवाखान्याची पलटन. उजव्या भुवईवर व्रण हाय. बघितलाव काय?"

आणि ती थांबली. मेल गुलबर्ग्याला जेवढा वेळ उभी राहते तेवढा वेळ, अंदाजाने. पाटीवरचं ऊन दुसऱ्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर सरकलं. तिने कपाळाला हात लावला.

"बरं," ती म्हणाली, "उद्या यिऊन पुन्यांदा इचारते."